उजेड न पाहिलेली वाळू

आमच्या कॉलेजात भूशास्त्राच्या घोडके मॅडमना भेटायचं म्हणजे आधी डोळे मिटून उभं राहावं लागे. त्यांच्या अंधाऱ्या खोलीला एकामागं एक अशी दोन दारं होती आणि मधे जेमतेम एक माणूस मावेल एवढी बोळकांडी. पहिलं दार मागं लावून घ्यायचं, त्या बोळकांडीत डोळे मिटून थांबायचं आणि आतून मॅडमचा आवाज आला की दुसरं दार उघडायचं. "मिटले का? खरंच मिटले? अर्धवट नका मिटू, सर." उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, हे कारण मला पुढं कळलं. पहिल्या दिवशी मात्र वाटलं, बाई जरा सरकलेल्या दिसतात.

मी रसायनशास्त्र शिकवायचो. आमची प्रयोगशाळा त्यांच्या खोलीच्या भिंतीला लागून होती आणि वाळू धुवायला त्यांना आम्ल सारखं लागायचं. "ॲसिडवाले आहेत का?" असं व्हरांड्यातून विचारत त्या यायच्या, तेव्हा माझे विद्यार्थी खाली मान घालून हसायचे. सडसडीत अंग, पिकलेले केस घट्ट बांधलेले, पायात रबरी चप्पल. चालण्याचा आवाज म्हणून नाही. कितीदा तरी मी फळ्यावर समीकरण लिहून वळलो आणि त्या दारात उभ्या दिसल्या. कधीच्या उभ्या होत्या देव जाणे. माझ्या हातातला खडू दोनदा तरी पडला असेल.

त्यांचं काम नदीच्या गाळाचं वय सांगण्याचं. वाळूचा दाणा नदीतून वाहत येतो तेव्हा ऊन खात येतो. मग त्याच्यावर पुढच्या पुराचा गाळ बसतो आणि तो अंधारात जातो. भोवतालच्या मातीत फार थोडा किरणोत्सार असतो, तो हा दाणा अंधारात पडल्या पडल्या साठवत राहतो. पुढं त्याच्यावर विशिष्ट प्रकाश टाकला की तो साठा अगदी बारीक चमकेच्या रूपानं बाहेर येतो, आणि ती चमक मोजून दाणा केव्हापासून गाडलेला होता याचा अंदाज करता येतो. अट एकच. मधल्या काळात त्याला उजेड लागता कामा नये. क्षणभर जरी ऊन लागलं तरी दाणा सगळं विसरतो. म्हणून लोखंडी नळ्या थरात ठोकून, दोन्ही तोंडं काळ्या चिकटपट्टीनं बंद करून आणायच्या आणि मंद लाल दिव्याखाली उघडायच्या. चमक मोजायचं यंत्र दूरच्या एका मोठ्या संस्थेत होतं. आमच्या कॉलेजकडं नुसता अंधार होता, पण तो मॅडमनी जिवापाड जपला होता.

त्या नळ्यांना मॅडम नमुने म्हणत नसत, पाहुणे म्हणत. "आज चार पाहुणे आलेत, जरा हळू बोला." आत शिरताना मोबाइल बाहेर जेवणाच्या डब्यात बंद करून ठेवायचा. अंधारात काटे चमकणारं घड्याळ असेल तर तेही डब्यात. मग त्या विटकरी अंधुक उजेडात आम्ही दोघं बसायचो. मी आम्ल मोजायचो, त्या चाळणी हलवायच्या. चाळणी थांबली की नुसता श्वास ऐकू यायचा. मला एकदा वाटलं, खोलीत तिसरंही कुणी श्वास घेतंय. मी धीर करून तसं बोललो. मला वाटलं होतं, त्या माझी फिरकी घेतील. त्या म्हणाल्या, "मलाबी वाटतं कधी कधी. म्हणून तर हळू बोलायचं." त्यानंतर आठवडाभर मी काही ना काही निमित्त सांगून आम्ल बाटलीतूनच पाठवलं.

मॅडम कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. भाषा तिकडची, आणि ती त्यांनी कुणापुढंही बदलली नाही. एकदा तपासणी समिती आली होती. समितीतल्या एका बड्या गृहस्थांना अंधारी खोली बघायचीच होती. मॅडमनी त्यांचा मोबाइल काढून घेतला, डोळे मिटायला लावले, सगळं यथासांग केलं. पण गृहस्थांच्या मनगटावर नव्या तऱ्हेचं घड्याळ होतं. आत त्यांनी कपाळावरचा घाम पुसायला हात उचलला आणि ते घड्याळ लख्ख पेटलं. टेबलावर उघड्या बशीत वाळू होती. मॅडमनी बशी उचलली, सगळ्यांच्या पुढून बाहेर नेली आणि अंगणातल्या तगरीच्या बुडाशी ओतून आल्या. मग त्या गृहस्थांना शांतपणे म्हणाल्या, "घरी गेल्यावर आंघोळ करून घ्या, सर. इथं मयत झालंय." प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गृहस्थ मात्र पांढरे पडले आणि चहाला थांबले नाहीत.

दर उन्हाळ्यात मॅडम विद्यार्थ्यांना गंगापूरच्या पुढं, धरणाच्या फुगवट्याच्या तोंडाशी नेत. त्रिभुज प्रदेश समुद्राकाठीच होतो, असं मी शाळेत शिकलो होतो. मॅडमनी मला तो गोदावरीत दाखवला. नदी धरणाच्या साचलेल्या पाण्यात शिरते तिथं तिचा जोर संपतो आणि बरोबर आणलेलं सगळं ती खाली ठेवते. जड वाळू आधी, मग पोयटा, आणि अगदी बारीक चिकण माती पार पुढं जाऊन. वर्षानुवर्षं हे चाललं की पंख्यासारखी पसरलेली नवी जमीन तयार होते. पावसाळ्यात ती पाण्याखाली असते, पाणी ओसरलं की उघडी पडते. काठचे लोक तिच्यात गाळपेर करतात. पाणी जसजसं मागं हटतं तसतसं त्याच्या मागं मागं पेरत जातात.

त्या वर्षी मीही गेलो होतो. भर मे महिना. सगळीकडं राखाडी सपाट गाळ, हातभर खोल भेगा, आणि लांबवर पाण्याची पट्टी. एका बाजूला धरणात गेलेल्या जुन्या गावाच्या देवळाचा चौथरा वर आला होता. त्याच्या पायऱ्या गाळात उतरत होत्या आणि कुठं संपत होत्या ते दिसत नव्हतं. "ह्या खाली गाव आहे, गाणी लावू नका," असं मॅडमनी पोरांना बजावलं आणि पोरांनी खरंच लावली नाहीत. पक्षी नाही, झाड नाही. अधूनमधून गाळातून हवेचा बुडबुडा फुटायचा. सडलेल्या पाल्यापाचोळ्याचा वायू असतो तो, मी रसायनवाला, मला ठाऊक आहे. पण आवाज थेट कुणीतरी घसा खाकरावा तसा यायचा.

खंदक खणून झाला. त्याच्या भिंतीत थर दिसायला लागले. मॅडम खाली उतरल्या आणि नखानं माती खरवडून जिभेवर ठेवली. हा त्यांचा नेहमीचा प्रकार. दाताखाली कचकच झाली तर पोयटा, लोण्यासारखी पसरली तर चिकण. "हा जाड वाळूचा थर पुराच्या सालचा. हा नखाएवढा दुष्काळाचा, बघा, भेगाळलाय आणि भेगांत पुढच्या सालची वाळू उतरलीय." त्या बोलत होत्या तेवढ्यात मागं तो घसा खाकरल्यासारखा आवाज झाला, आणि त्याला कुणीतरी उत्तर दिलं. "आले वं, आले."

मी दचकून वळलो. खंदकाच्या काठावर पन्नाशीची एक बाई बसली होती. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आपण ओ दिली हे तिच्या लक्षातही नव्हतं. एवढ्या वर्षांत गाळातून आवाज झाला की ओ द्यायची तिला सवय झाली होती. त्या कौसाबाई. आम्ही खणत होतो तो गाळपेरीचा पट्टा त्यांचाच.

"मॅडम, तुम्ही म्हणं साल वाचता मातीतलं," त्या म्हणाल्या. "मपले मालक गेले त्या सालचा थर दाखवा मला."

त्यांनी सांगितलं ते असं. पाणी मागं हटलं की पाण्याच्या इंजिनाचा पाइप पुढं न्यावा लागतो. त्यांचा नवरा पाइप खांद्यावर घेऊन भर दुपारी गाळातून निघाला तो परतला नाही. चपला काठावर मिळाल्या. पोलिसांत सांगून झालं, लोकांनी दोन दिवस बांबू खुपसून पाहिले, पण नुसता चिखल वर आला. मग बोलणं सुरू झालं. कुणी म्हणे वाळूजच्या कंपनीत लागलाय, कुणी म्हणे तिथं दुसरं घर केलंय. धाकटी जाऊ तर तोंडावर म्हणायची, सोडलेल्या बाईनं कुंकवाचा एवढा थाट कशाला करावा.

"मेले असं कळलं तर मी रडून घेईन," कौसाबाई म्हणाल्या. "कुंकू पुसायला मी भीत नाय. पर ते मला सोडून गेले नाय, एवढं कुणीतरी सांगा. लई साल झालं, सोडलेली म्हणून जगतेय."

मला वाटलं, मॅडम समजूत घालून वाटेला लावतील. त्यांनी साल विचारलं, आणि खंदकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. तिथं सकाळीच त्यांना काहीतरी दिसलेलं होतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. त्यांनी मला खाली बोलावलं आणि बोटानं दाखवलं. भिंतीतले सगळे थर सरळ होते. या एकाच जागी ते खाली वाकलेले होते, गादीवर कुणी झोपून उठल्यावर खळगा राहावा तसे. मऊ गाळात जड काहीतरी खाली गेलं होतं, आणि पुढच्या पुरांनी तो खळगा हळूहळू भरून काढला होता. लांबी विचारू नका. आम्ही दोघांनीही ती डोळ्यांनी मोजली.

आणखी खाली खणता येईना. बुडातून पाणी झिरपत होतं, भिंती ढासळायला लागल्या होत्या. मॅडमनी पोरांना वर काढलं, खंदकावर काळी ताडपत्री अंथरली, आणि तिच्याखाली एकट्या रांगत जाऊन दोन नळ्या ठोकल्या. एक खळगा बुजल्यानंतरच्या पहिल्या सरळ थरात, दुसरी खळग्याच्या तळाशी. बाहेर आम्हाला नुसते हातोडीचे ठोके ऐकू येत होते. कौसाबाई प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होत्या. वर आल्यावर मॅडमनी त्यांना जे दिसलं ते सरळ सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात तहसीलला कळवून यंत्रानं खणून घेऊ, असंही म्हणाल्या. त्यावर कौसाबाई एकदम ताठ झाल्या. "जेसीबी नको. त्याच्या दातांनी उकरायला ते काय मुरूम हायेत का?"

पहिल्या नळीतली वाळू आम्ही त्याच पावसाळ्यात धुतली. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात मोजणीला लागणारे गारगोटीचे दाणे मिळायचे म्हणजे पोतंभर गाळातून चिमूटभर. मॅडम एरवी चाळताना पुराण सांगत, माझी टिंगल करत. या नळीच्या वेळी एकदाच, चाळणी हलवता हलवता, त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "बोला की." मला नव्हे. मी आम्लाची बाटली दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मोजणी होऊन आली. मॅडमनी ती आल्याचं कौसाबाईंना कळवलं आणि त्या गंगापूरहून जीपनं बस स्टँडवर आणि तिथून रिक्षानं कॉलेजात आल्या. व्हरांड्यात चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही.

"साल जुळतंय," मॅडम म्हणाल्या. "पण वाळूला नेमका वाढदिवस नसतो, कौसाबाई. चार साल इकडं, चार साल तिकडं. त्यात तुमचं सालबी बसतं, दुसरी बसतात. आणि खाली माणूसच आहे असंबी माती सांगत नाय. बैल असू शकतो. झाडाचा बुंधा असू शकतो."

"मग ती दुसरी?" कौसाबाईंनी विचारलं.

दुसरी नळी अजून बंद होती. मॅडमना त्याच वर्षी निवृत्त व्हायचं होतं. त्या फुगवट्यावरचं त्यांचं आयुष्यभराचं काम या नळीशी येऊन थांबलं होतं, कारण खळगा कधी पडला आणि कधी बुजला या दोन्हींची वयं मिळाली असती तर गाळ किती वेगानं साचतो ते पहिल्यांदाच इतकं जवळून कळणार होतं. हे मला ठाऊक होतं. त्यांनी ती आतून आणली आणि दोघींच्या मधे ठेवली. काळ्या पट्टीनं बांधलेली, हातभर लांब.

"हिच्यातून साल आणखी जवळ येईल," मॅडम म्हणाल्या. "कदाचित तुमचंच येईल. कदाचित भलतंच येईल."

"भलतं आलं तर मी पुन्हा सोडलेली?"

व्हरांड्यापुढच्या उन्हात तगर फुलली होती. कौसाबाईंनी नळीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला, आजारी माणसाचं अंग बघावं तसा.

"ह्यांना उजेडात काढा, मॅडम," त्या म्हणाल्या. "लई दिवस अंधारात हायेत."

मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ऊन लागलं की संपलं, परत मोजता येणार नाही, त्याच जागेची दुसरी नळी मिळणार नाही, तुम्हालाबी नाय आणि मलाबी नाय. कौसाबाई नुसती मान हलवत होत्या. "व्हय. कळालं मला. काढा."

मी मधे पडलो. मी मॅडमना म्हणालो की असं करू नका, दोन दिवस थांबा, इतक्या वर्षांचं काम आहे. माझा आवाज चढला होता. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सर, माती तिच्या शेतातली आहे. मी मागून आणली होती." आणि चिकटपट्टीचं टोक नखानं उचललं.

तो पट्टी फाटण्याचा आवाज मला अजून आवडत नाही. अंगणात भर उन्हात त्यांनी नळी तिरपी केली, आणि ओलसर राखाडी वाळू कौसाबाईंच्या पसरलेल्या पदरात पडली. हाड नाही, कापड नाही, काही नाही, नुसती वाळू. कौसाबाईंनी ती हुंगली, चिमूटभर जिभेवर ठेवली. मग पदराची गाठ मारून ती छातीशी धरली आणि तिथंच तगरीजवळ बसून मोठ्यानं रडल्या. तास सुटला होता. पोरं जिन्यात थांबून बघत राहिली, पण कुणी मोबाइल काढला नाही. रडणं थांबल्यावर त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि प्यायला पाणी मागितलं. मॅडमनी स्वतः आणून दिलं. मला त्या क्षणी मॅडमचा रागही आला होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. दोन्हींतलं काहीच मी केलं नाही.

मॅडम निवृत्त झाल्या. त्यांचा शोधनिबंध त्या एका तारखेशिवाय अपुराच राहिला. अंधाऱ्या खोलीत आता जुनी बाकं ठेवली आहेत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला, "येता का, पेरणी आहे." मी गेलो. पाणी नुकतंच मागं हटलं होतं आणि धुक्यात गाळ कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. कौसाबाईंच्या पट्ट्यात हरभऱ्याची पेरणी चालली होती. कपाळ मोकळं, पदर खोचलेला, त्या तिफणीमागून चालत होत्या. काठावर त्यांची धाकटी जाऊ सगळ्यांसाठी भाकरी घेऊन बसली होती. आमचा खंदक बुजून त्याच्यावर नवा गाळ आला होता, पण खणलेली जागा थोडी खोलगट राहतेच. त्या खोलगट भागापाशी येताच औत हाकणाऱ्या गड्यानं बैल थांबवले. त्यानं आणि कौसाबाईंनी तिफण दोन्हीकडून उचलली, न बोलता पलीकडं नेऊन ठेवली, आणि पेरणी पुढं सुरू झाली. दरवेळी तसंच. सगळ्या रानात बियांच्या ओळी, आणि मधे माणूस आडवा मावेल एवढा तुकडा कोरा.

मॅडम त्या तुकड्याच्या पलीकडं उभ्या होत्या. मला बघून त्यांनी हात केला. मी जवळची वाट म्हणून सरळ निघालो.

"ओ सर, तिकडून नका येऊ," कौसाबाई तिफणीमागून ओरडल्या. अगदी साध्या आवाजात, अंगणात वाळवण घातलंय म्हणून सांगावं तशा. "तिथं मालक निजलेत."

मी मॅडमकडं बघितलं. बैल असेल, बुंधा असेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी वाकून पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, कडेकडेनं वळसा घालत माझ्यापर्यंत आल्या, माझा कोपर धरला आणि म्हणाल्या, "चला. असं बाजूनं."